नाट्यसंज्ञांचा प्रवास : सूत्रधारापासून शोकान्तिकेपर्यंत

१

भिलाईच्या स्मृतिनगरात राहणारी एक विद्यार्थिनी काही काळापूर्वी अभिजात नाटकांच्या अभ्यासासाठी माझ्याकडे येत असे. तिच्या वहीत नाट्यविषयक संज्ञांची एक यादी होती. पहिल्या रकान्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात हिंदी आणि तिसऱ्यात मराठी. 'ट्रॅजेडी' या शब्दासमोर हिंदीच्या रकान्यात 'त्रासदी' आणि मराठीच्या रकान्यात 'शोकान्तिका' असे लिहिलेले होते. 'सीन'समोर 'दृश्य' आणि 'प्रवेश', 'थिएटर'समोर 'रंगमंच' आणि 'रंगभूमी'. परीक्षेच्या दृष्टीने यादी निर्दोष होती. परंतु तिने एक साधा प्रश्न विचारला. "त्रास म्हणजे तर कटकट. मग ट्रॅजेडीला हिंदीत त्रासदी का म्हणतात? आणि एकाच गोष्टीला एका भाषेत त्रास आणि दुसऱ्या भाषेत शोक कसे?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांतून वाढणाऱ्या मुलांना जी अडचण सहज दिसते, ती केवळ मराठीच्या परिसरात वावरणाऱ्या अभ्यासकाला पुष्कळदा दिसत नाही. त्याला संज्ञा ही स्वयंसिद्ध वाटते. वास्तविक प्रत्येक नाट्यसंज्ञेला जन्मकाळ असतो, तिला घडविणारी परिस्थिती असते आणि कालांतराने तिचा अर्थ सरकतो. हे सरकणे लक्षात घेतले नाही तर शतकापूर्वीचे नाटक आपण आजच्या अर्थाने वाचतो आणि त्याच्यावर अन्याय करतो. प्रस्तुत निबंधात मराठी रंगभूमीवरील काही प्रमुख संज्ञांचा असा प्रवास पाहावयाचा आहे.

२

मराठी नाट्यसंज्ञांपैकी बहुसंख्य संस्कृत आहेत. त्यावरून आपल्या रंगभूमीने संस्कृत नाट्यशास्त्राची परंपरा अखंडपणे स्वीकारली, असा समज होतो. इतिहास मात्र वेगळा आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'ची समग्र संहिता मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून काव्यमालेत प्रसिद्ध झाली ती १८९४ मध्ये. अभिनवगुप्ताच्या टीकेसह तिचा पहिला खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघाला तो १९२६ मध्ये, आणि मराठी वाचकांना या शास्त्राचा सविस्तर परिचय करून देणारा गोदावरी केतकर यांचा ग्रंथ १९२८ चा. म्हणजे विष्णुदास भावे, किर्तने, किर्लोस्कर आणि बऱ्याच अंशी देवल यांचे कर्तृत्व घडले तेव्हा भरताची छापील पोथी कोणाच्याही हाती नव्हती. सूत्रधार, नांदी, विदूषक या संज्ञा त्यांच्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः दोन वाटांनी : एक प्रत्यक्ष खेळाची वाट आणि दुसरी भाषांतरित नाटकांची.

पहिली वाट ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस उघडली. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे आख्यान रंगविले. या खेळात सूत्रधार आरंभी येई आणि शेवटपर्यंत रंगभूमीवरच राही. कथानक तो पदांतून गात असे, पात्रे त्याच्या गाण्यानुसार हावभाव करीत आणि भाषणे आयत्या वेळी आपल्या पदरची बोलत. संस्कृत नाटकातील सूत्रधार याहून अगदी वेगळा. तो प्रस्तावनेत नटीशी अथवा पारिपार्श्वकाशी दोन शब्द बोलतो, कवीचे नाव सांगतो आणि पहिल्या पात्राची चाहूल लागताच निघून जातो. भावे यांचा सूत्रधार नाव संस्कृत धारण करतो, पण त्याचे काम यक्षगानातील भागवताचे आहे. विदूषकाचेही तसेच. संस्कृत विदूषक हा राजाचा ब्राह्मण मित्र, भोजनप्रिय आणि भित्रा. भावे यांचा विदूषक वनचराच्या वेषात उड्या मारीत येतो, सूत्रधाराशी थट्टा करतो आणि पुढे आख्यानातील लहानसहान कामेही करतो.

याच काळात खेळाच्या बाजूने आणखी काही शब्द आले. त्यांना कोणी शास्त्राचा मान दिला नाही. 'पार्ट' या इंग्रजी शब्दापासून 'राक्षसपार्टी' आणि 'स्त्रीपार्टी' हे शब्द झाले. सरावाला फारशी-अरबी परंपरेतला 'तालीम' हा शब्द मिळाला. संस्कृत 'यवनिका' कोशात राहिली आणि 'पडदा' रंगभूमीवर आला. मुख्य आख्यानानंतर होणाऱ्या लहान विनोदी खेळाला 'फार्स' म्हणू लागले. 'प्रहसन' हा दशरूपकांतील शब्द उपलब्ध असूनही प्रेक्षकांच्या तोंडी फार्सच राहिला, आणि विसाव्या शतकात बबन प्रभूंच्या नाटकांपर्यंत तो टिकून आहे. ज्यांनी रंगभूमी चालविली त्यांनी शब्द कोणत्या भाषेतला आहे हे पाहिले नाही, तो कामाचा आहे की नाही एवढेच पाहिले.

दुसरी वाट छापखान्यातून गेली. १८५१ मध्ये 'प्रबोधचंद्रोदया'चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि १८५७ मधील 'वेणीसंहारा'पासून परशुरामतात्या गोडबोले यांनी संस्कृत नाटके क्रमाने मराठीत आणली. त्यांच्याबरोबर कृष्णशास्त्री राजवाडे यांचीही भाषांतरे आली. या पुस्तकांतून अंक, प्रस्तावना, विष्कंभक, नेपथ्य, स्वगत, भरतवाक्य हे शब्द सुशिक्षित वाचकाच्या नजरेखाली आले. १८६१ मध्ये विनायक जनार्दन किर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' प्रसिद्ध झाले. संवाद आधी लिहिलेले आणि छापलेले असे हे स्वतंत्र नाटक. अशा नाटकांना भावे पद्धतीच्या खेळांपासून वेगळे ओळखण्यासाठी 'बुकिश' हा शब्द रूढ झाला. आज तो हेटाळणीचा वाटतो. त्या काळी त्यात एक वस्तुस्थिती नोंदलेली होती : नट आता स्वतःच्या पदरचे बोलणार नव्हता, तो लेखकाचे शब्द बोलणार होता. रंगभूमीवरील सत्ता सूत्रधाराकडून नाटककाराकडे गेल्याची ही नोंद आहे.

३

या दोन वाटा एकत्र आल्यावर जुन्या शब्दांत नवे अर्थ कसे शिरले, याची काही उदाहरणे पाहू.

'प्रवेश' हा शब्द घ्या. संस्कृत नाटकात अंक आहेत, पण अंकाचे स्थळानुसार तुकडे नाहीत. पात्रे येतात आणि जातात, स्थळ त्यांच्या बोलण्यातून आणि चालण्यातून बदलते. दोन अंकांच्या मध्ये घडलेले वृत्त सांगण्यासाठी जी योजना असते तिला अर्थोपक्षेपक म्हणतात. विष्कंभक आणि 'प्रवेशक' हे त्याचे प्रकार. प्रवेशकात केवळ खालच्या दर्जाची पात्रे असतात. पुढे शेक्सपिअरच्या धर्तीवर मराठी नाटके लिहिली जाऊ लागली, तेव्हा अंकाच्या पोटविभागाला नाव हवे होते, आणि 'प्रवेश' हा शब्द त्या कामी आला. त्यामुळे 'शाकुंतला'च्या मराठी आवृत्तीत 'प्रवेश पहिला, प्रवेश दुसरा' अशी विभागणी आढळली, तर ती कालिदासाची नव्हे, हे विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे.

'स्वगत' या शब्दाचे स्थलांतर अधिक सूक्ष्म आहे. संस्कृत नाट्यपरंपरेत वाक्याचे श्राव्य आणि अश्राव्य असे भेद केलेले आहेत. सर्वांनी ऐकावयाचे ते 'प्रकाश', कोणीच ऐकावयाचे नाही ते 'स्वगत', निवडक पात्रांनीच ऐकावयाचे ते 'जनांतिक' आणि 'अपवारित'. म्हणजे स्वगत हे बहुधा इतर पात्रे उपस्थित असतानाच उच्चारलेले, क्षणमात्र मनात डोकावणारे वाक्य असते. हॅम्लेट एकटाच रंगभूमीवर उभा राहून दीर्घकाळ आपल्या मनाशी झगडतो, ती कल्पना निराळी. इंग्रजीत या दोहोंना दोन शब्द आहेत, मराठीत दोन्ही 'स्वगत'च. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने हॅम्लेट मराठीत आणले, देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' या नावाने ऑथेल्लो आणला. अशा रूपांतरांमुळे 'स्वगत' या शब्दात पाश्चात्त्य आशय भरत गेला. गडकऱ्यांच्या नाटकांतील लांबलचक स्वगते कृत्रिम म्हणून टीकेस पात्र ठरली, तेव्हा ती संस्कृत अर्थाने स्वगते नव्हतीच, याकडे क्वचितच लक्ष दिले गेले.

'नेपथ्य' म्हणजे संस्कृतात वेषभूषा आणि ती जेथे होते ती पडद्यामागची जागा. 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज आतून येतो असे समजावयाचे. आजच्या जाहिरातीत 'नेपथ्य' या शब्दापुढे ज्याचे नाव असते तो रंगमंचावरील दृश्यरचना करणारा असतो. जे पडद्याआड होते त्याचेच नाव पडद्यापुढील वस्तूला मिळाले. 'सूत्रधार' या शब्दाची गत तशीच. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत सूत्रधार म्हणजे प्रयोगांची व्यवस्था पाहणारा व्यवस्थापक, आणि वर्तमानपत्रात सूत्रधार म्हणजे कटामागचा मुख्य माणूस. 'प्रकरण' हे तर मूळ रूपकप्रकाराचे नाव : कल्पित कथानक आणि राजाऐवजी ब्राह्मण, अमात्य किंवा वणिक असा नायक असलेले रूपक. या अर्थाने 'मृच्छकटिक' हे नाटक नव्हे, प्रकरण आहे. मराठीत मात्र प्रकरण पुस्तकाचे असते किंवा न्यायालयातले. ज्या संज्ञेने शूद्रकाच्या कृतीचे वेगळेपण दाखविले असते, ती अन्य कामात गुंतल्यामुळे आपण 'मृच्छकटिका'लाही सरसकट नाटक म्हणतो आणि त्यातले चोर, जुगारी, गाडीवान अपवादात्मक मानतो. प्रकरण या जातीला ती माणसे परकी नाहीत.

काही संज्ञा रंगभूमी सोडून व्यवहारात आल्या. 'नांदी' म्हणजे मंगलाचरण, पण आपण युद्धाचीही नांदी म्हणतो. 'भरतवाक्य' हे लोककल्याणाचे आशीर्वचन, पण एखाद्या उपक्रमाचे भरतवाक्य झाले म्हणजे तो संपला. 'प्रयोग' हा शब्द मात्र भाग्यवान. नाटक सादर करणे हा त्याचा जुना अर्थ आजही जिवंत आहे. हिंदीत जेथे 'मंचन' म्हणतात तेथे मराठी माणूस सहजपणे 'प्रयोग' म्हणतो. पुढे विज्ञानातील प्रयोगाचा अर्थ त्याला जोडला गेला आणि 'प्रायोगिक रंगभूमी' हा शब्द निघाला. शब्दार्थाने पाहिले तर प्रत्येक रंगभूमी प्रायोगिकच असते.

'संगीत' या विशेषणाचाही विचार करावयास हवा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. गाणे भावे यांच्या खेळातही होते आणि भरपूर होते. किर्लोस्करांचा नवा विचार हा, की पदे सूत्रधाराऐवजी त्या त्या पात्राने म्हणावीत. गद्य संवाद आणि पद हे दोन्ही एकाच पात्राच्या मुखातून आल्यामुळे पद हे त्या पात्राच्या भावावस्थेचे अंग झाले. १८८२ च्या 'सौभद्रा'त त्याचे पूर्ण फळ दिसते. पुढे नटाची गायकी नाट्याहून मोठी झाली आणि 'संगीत' या शब्दाने मैफलीचा अर्थ धारण केला. संगीत नाटकाचे मूल्यमापन करताना हे दोन अर्थ वेगळे ठेवले नाहीत, तर किर्लोस्करांच्या नाट्यदृष्टीचे श्रेय आणि पुढील काळातील अतिरेकाचा दोष एकाच खात्यावर जमा होतो.

४

आता त्या विद्यार्थिनीच्या मूळ प्रश्नाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात मराठी टीकाकार 'शोकपर्यवसायी' आणि 'आनंदपर्यवसायी' असे शब्द वापरीत. पर्यवसान म्हणजे शेवट. त्यातूनच पुढे 'शोकान्तिका' आणि 'सुखान्तिका' असे सुटसुटीत शब्द आले. दोन्ही जोड्यांत कसोटी एकच आहे : नाटक कसे संपते? 'थोरले माधवराव' पेशव्यांच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सहगमनाने संपते, म्हणून ते शोकपर्यवसायी. संस्कृत नाटके मीलनाने संपतात, म्हणून संस्कृतात शोकान्तिका नाही, असा निष्कर्षही याच कसोटीने काढला गेला. तो निष्कर्ष रूढ झाला तेव्हा भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके अभ्यासकांसमोर नव्हती. गणपतिशास्त्री यांनी ती त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केली आणि त्यांतील 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगभूमीवरच देह ठेवतो असे दिसून आले.

परंतु अधिक महत्त्वाची अडचण पुराव्याची नसून संज्ञेची आहे. ॲरिस्टॉटलने ज्या नाट्यप्रकाराचे विवेचन केले, त्याचा शेवट दुःखद असलाच पाहिजे असे ग्रीक परंपरा मानीत नव्हती. टॉरिसमधील इफिजिनियाची कथा सुटकेत संपते, ईस्किलसची ओरेस्टेसवरील नाट्यत्रयी समेटात संपते, तरी ती ट्रॅजेडीच. करुणा आणि भय जागविणारी गंभीर, पूर्ण क्रियेची अनुकृती, हे ॲरिस्टॉटलच्या लक्षणाचे मर्म आहे. म्हणून मराठीत काही अभ्यासकांनी 'शोकान्तिका'ऐवजी 'शोकात्मिका' हा शब्द पसंत केला. अन्त आणि आत्मा यांतील हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'उत्तररामचरित' राम आणि सीता यांच्या मीलनाने संपते, पण त्याच्या अंतःकरणात आरंभापासून एक अपरिहार्य वेदना आहे. शोकान्तिका या शब्दाने ते बाहेर राहते, शोकात्मिका या शब्दाने ते विचारकक्षेत येते.

तरीही शोक शिल्लक राहतोच. शोक हा करुण रसाचा स्थायी भाव आहे. तो शब्द निवडताच आपण नकळत रससिद्धान्ताच्या घरात शिरतो. त्या घरात करुण आणि भयानक हे दोन स्वतंत्र रस आहेत. ॲरिस्टॉटलच्या लक्षणात करुणा आणि भय ही जोडी आहे, एकावाचून दुसरे अपुरे. मराठीने या जोडीतील करुणेची बाजू उचलली. आणि हिंदीने? 'त्रासदी' हा शब्द इंग्रजी ध्वनीशी जुळवून घडविलेला दिसतो. पण संस्कृतात त्रास म्हणजे भय. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'त्रास' आहे. मराठीत त्या शब्दाचा अर्थ उतरत जाऊन कटकट एवढाच राहिला. म्हणजे हिंदीच्या हाती भय आले आणि मराठीच्या हाती शोक. दोन शेजारी भाषांनी एकाच जोडीचे एकेक अर्ध वाटून घेतले आहे. त्या मुलीच्या वहीतले दोन रकाने शेजारी ठेवले तेव्हा कोठे मूळ लक्षण पूर्ण झाले.

याचा परिणाम समीक्षेवर झालेला आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यावरील चर्चा बहुधा सिंधूच्या शोकाभोवती फिरते आणि मग ती इतकी सोशिक का, या प्रश्नावर अडते. शोक ही कसोटी धरली की सिंधूच केंद्रस्थानी येणार. भय ही कसोटी हाती घेतली तर सुधाकर पुढे येतो : बुद्धिमान, मानी, एका अपमानाच्या क्षणी घसरलेला आणि आपल्याच हाताने आपले घर नष्ट करणारा माणूस. तो आपल्यासारखाच आहे, ही जाणीव भयाची आहे. संज्ञेने आपली नजर सिंधूकडे वळविली, नाटकाने ती दोघांकडेही वळविलेली आहे.

५

संज्ञांच्या इतिहासात जे नोंदले गेले नाही, त्याचाही विचार केल्यावाचून हा विषय पूर्ण होत नाही.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे सादर केले. त्याला आश्रय मिळाला नाही आणि ते प्रसिद्ध झाले १९७९ मध्ये. या नाटकात विदूषक आहे. तो राजाचा मित्र नाही आणि वनचरही नाही. जोशीबुवा अडाणी कुणबी स्त्रीला कसे फसवितो, हे घडत असताना तो मध्ये बोलतो, फसवणुकीचा अर्थ उघड करतो आणि प्रेक्षकाला विचार करावयास लावतो. संस्कृत नाटकातील ब्राह्मण विदूषकाचे नाव घेऊन फुल्यांनी त्याच्याकडे पुरोहितशाहीच्या चिकित्सेचे काम सोपविले. हे पुस्तक वेळीच छापले गेले असते तर मराठीतील 'विदूषक' या संज्ञेच्या अर्थात भाष्यकार ही छटा सव्वाशे वर्षे आधी आली असती. पुढे १९७२ च्या 'घाशीराम कोतवाला'त सूत्रधार आणि माणसांचा पडदा यांनी हे भाष्याचे काम केले, तेव्हा ते नवे वाटले. आपली एक आधीची कडी आपल्याला ठाऊक नव्हती, म्हणून ते तसे वाटले.

दुसरी उणीव लोकनाट्याच्या बाबतीत आहे. गण, गवळण, बतावणी, वग, सोंगाड्या हे तमाशातील शब्द अचूक आणि कार्यवाचक आहेत, तरी अभिजात नाटकांच्या अभ्याससूचीत त्यांना स्थान नसते. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दंडार आणि 'खडी गंमत' हे प्रकार आहेत. गोंदियाहून रेल्वेने राजनांदगाव, दुर्ग ओलांडून भिलाईस यावे, तर छत्तीसगढच्या नाचातील प्रहसनांना 'गम्मत' म्हणतात असे आढळते, आणि नाचाचा जुना प्रकार 'खडे साज', म्हणजे वादकांनी वाद्ये अंगावर बांधून उभ्याने वाजवावयाचा. राज्यांच्या आणि भाषांच्या सीमा ओलांडून एकच शब्द दोन्हीकडे नांदतो. नाचातील विनोदी पात्र 'जोक्कड' हे उघडच 'जोकर' या इंग्रजी शब्दापासून आले आहे, भावे यांच्या काळातील राक्षसपार्टीसारखेच.

रायपूरचे हबीब तन्वीर (१९२३-२००९) यांनी १९५८ मध्ये 'मृच्छकटिक' हे 'मिट्टी की गाड़ी' या नावाने सादर केले, तेव्हा त्यांनी नाचातील छत्तीसगढी नट बरोबर घेतले. नाचाचा नट एक चक्कर मारतो आणि स्थळ बदलते. संस्कृत नाटकातील 'परिक्रामति' या रंगसूचनेचा अर्थ पंडितांनी टीकांतून समजून घेतला होता, या नटांना तो परंपरेने अंगवळणी होता. ज्या संज्ञा ग्रंथात उरल्या होत्या, त्यांचे आचरण गावातल्या मैदानावर चालू होते. त्यांच्याकडे शास्त्राचा शब्द नव्हता आणि शास्त्राकडे त्यांचे नाव नव्हते.

याच तन्वीरांनी १९७४ मध्ये भिलाईत कार्यशाळा घेतली आणि विजयदान देथा यांच्या कथेवरून जे नाटक तेथे आकार घेऊ लागले, ते १९७५ मध्ये 'चरनदास चोर' म्हणून प्रसिद्ध झाले. हसवीत हसवीत चालणारे हे नाटक. गमतीने घेतलेल्या प्रतिज्ञा आणि खरे बोलण्याचे व्रत चोर सोडत नाही आणि त्यासाठी प्राण देतो. या नाटकाला आपण काय म्हणावे? शेवट मृत्यूत आहे, म्हणून शोकान्तिका म्हणावे तर प्रकृती विनोदाची. 'उत्तररामचरिता'त शोक आत्म्यात आहे आणि अन्तात नाही, येथे तो अन्तात आहे आणि आत्म्यात नाही. भवभूतीचे नाटक आणि आमच्या गावात घडलेले हे लोकनाट्य, दोन्ही मिळून 'शोकान्तिका' या संज्ञेची मर्यादा दोन बाजूंनी दाखवून देतात. चांगले उदाहरण संज्ञेत बसले नाही की उदाहरण दोषी ठरविण्याची घाई आपण करतो. दोष संज्ञेचाही असू शकतो.

६

छत्तीसगढच्या सरगुजा भागात रामगढ टेकडीवर सीताबेंगरा आणि जोगीमारा या दोन गुंफा आहेत. सीताबेंगरा ही प्राचीन नाट्यशाळा असावी, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉख यांनी मांडले, आणि त्यावर वाद झाले. जोगीमारा गुंफेतील ब्राह्मी लेखात सुतनुका नावाच्या देवदासीचा आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या देवदिन्नाचा उल्लेख आहे. देवदिन्नाला लेखात 'लुपदख' म्हटले आहे, म्हणजे रूपदक्ष. रूपदक्ष म्हणजे कोण? चित्रकार, मूर्तिकार की अभिनयकुशल नट? विद्वानांची मते भिन्न आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने तो शब्द कोरला त्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. आपल्याला तो शोधावा लागतो, आणि त्या अर्थावरच गुंफेत नाटक होत होते की नाही, हा निर्णय काही अंशी अवलंबून राहतो. संज्ञेचा अर्थ हरवला की तिच्याबरोबर एक संपूर्ण व्यवहार अंधारात जातो, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

परिभाषा कोशांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. २००१ मधील 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोशा'सारख्या ग्रंथांनी मराठी अभ्यासकाची फार मोठी सोय केली आहे. परंतु कोश हे प्रस्थानबिंदू आहेत. विद्यार्थ्याने प्रत्येक संज्ञेला तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द या अर्थाने मराठीत केव्हापासून आहे, त्यापूर्वी तो कोणत्या अर्थाने वावरत होता, आणि त्याने जे नाटक डोळ्यांपुढे आणले त्याच्या आड कोणते नाटक गेले. या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्याला संस्कृतकडे जावे लागेल, इंग्रजीकडे जावे लागेल आणि तमाशाच्या फडाकडेही जावे लागेल.

त्या विद्यार्थिनीने आपली यादी टाकून दिली नाही. तिने चौथा रकाना आखला आणि त्यात छत्तीसगढी शब्द लिहावयास सुरुवात केली. पहिला शब्द होता 'गम्मत'. त्याच्यासमोर इंग्रजीच्या रकान्यात काय लिहावे हे तिला सुचेना, मलाही सुचले नाही. ती जागा आम्ही तूर्त मोकळी ठेवली आहे.